मित्राचे गाव

बडोद्यास जावयाचे ठरताच मी एका कोऱ्या कागदावर तेथील पाहण्याजोग्या स्थळांची याद तयार केली. यंदा २६ जानेवारी सोमवारी आली होती. तिला शुक्रवारची एक रजा जोडली की सलग चार दिवस हाती लागत होते, आणि ज्या शहरी माझा सर्वांत जवळचा स्नेही तेहतीस वर्षे राहत आहे, ते शहर मी आजवर दोन लग्ने आणि एक मुंज एवढ्याच निमित्तांनी, तेही स्टेशनापासून मांडवापर्यंत, पाहिले होते. ही उणीव या खेपेस भरून काढावी, असा माझा मनापासूनचा निश्चय होता. लक्ष्मीविलास राजवाडा, मध्यवर्ती ग्रंथालय, मांडवी, तांबेकर वाडा, कामाठीबाग, कीर्तिमंदिर अशी अकरा स्थळे मी क्रमवार लिहून काढली आणि कोणत्या प्रहरी कोठे जावे याचीही तजवीज मनाशी करून ठेवली.

गाडी पहाटे पोहोचली. गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला माझा स्नेही फलाटावर उभा होता. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चार वर्षे एकत्र काढली. तेव्हापासून त्याची एक लकब आहे, ती ही की भेटल्यावर तो प्रथम काही बोलत नाही, नुसता हातातील पिशवी काढून घेतो. तशी ती त्याने घेतली. स्टेशनाबाहेर चहा घेताना मी मोठ्या उत्साहाने तो कागद त्याच्यापुढे केला. दिव्याखाली धरून त्याने तो सबंध वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"तू कोणाला भेटावयास आला आहेस?" तो म्हणाला. "मला की गायकवाड सरकारांना?"

त्याच्या स्वरात राग नव्हता, पण थट्टाही नव्हती, हे मला लगेच जाणवले. मी म्हणालो, "हा भेद तू का करावास? ज्या शहरात माणूस तेहतीस वर्षे राहतो, ते त्याच्या अंगात मुरते. त्याच्या बोलण्यात त्या शहराचे शब्द येतात, त्याच्या जेवणात तेथली चव येते, त्याच्या चालण्याला तेथल्या रस्त्यांचे वळण लागते. पुण्यात असलेला तू मला ठाऊक आहेस; बडोद्याने घडवलेला तू मला ठाऊक नाहीस. तो पाहावयाचा, तर बडोदे पाहिल्यावाचून कसे चालेल?"

"शहर असे पाहून दिसत नाही," तो म्हणाला, "आणि माणूस तर नाहीच नाही. सुट्टीला येणाऱ्याला यजमान भेटतो, मित्र भेटत नाही. या चार दिवसांत मी इस्त्रीचे कपडे घालीन, घरी रोज दोन गोड पदार्थ होतील, आपण मोटारीतून फिरू, आणि परत गेल्यावर तू सांगशील की त्याचे उत्तम चालले आहे. तुला खरोखरच मला पाहावयाचे असते, तर तू एखाद्या मंगळवारी यावयास हवे होतेस. सकाळी पावणेसातला मी कारखान्याच्या बसने निघून गेलो असतो. दिवसभर माझ्या खुर्चीत बसून तू माझी पुस्तके चाळली असतीस. संध्याकाळी मी थकून परत आलो असतो, आणि काही न बोलता आपण तासभर बसलो असतो. त्या तासाला मी भेट म्हणतो."

"पण मंगळवारी येतो कोण?" मी विचारले. "संसारी माणसाला निमित्त लागते. पंढरीचा विठोबा बाराही महिने विटेवर उभाच असतो, तरी वारकरी आषाढीची वाट पाहतो. नेमलेला दिवस नसेल, तर मनात असलेली गोष्ट मनातच राहते. तुझ्या मंगळवाराची वाट पाहत आपण दोघेही म्हातारे झालो असतो."

यावर तो काही बोलला नाही. मात्र मोटार त्याने घराकडे न नेता उलट दिशेने वळवली आणि जुन्या शहराच्या वेशीतून नेऊन मला मांडवीची चौकोनी कमानदार इमारत पहाटेच्या उजेडात, दुकाने उघडण्यापूर्वी, दाखवली. वाद हरला म्हणून नव्हे. पाहावयाचीच असेल तर ही जागा याच वेळी पाहावी, असे त्याचे मत होते, आणि ते बरोबर होते. उत्तरायण होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. तारांवर, गॅलऱ्यांच्या कठड्यांवर, झाडांच्या शेंड्यांवर फाटलेले पतंग अजून लोंबत होते आणि वाऱ्याची झुळूक आली की सगळी गल्ली कागदी आवाजाने सळसळत होती.

दुपारी आम्ही मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास मुद्दाम बोलावून घेऊन संस्थानातील ग्रंथालयांची जी व्यवस्था त्याच्याकडून लावून घेतली, तिला त्या काळच्या हिंदुस्थानात तोड नव्हती. सक्तीचे प्राथमिक शिक्षण साऱ्या राज्यात लागू झाले ते १९०६ साली. पण अक्षर ओळखू लागलेल्या रयतेच्या हाती पुढे पुस्तक पडले नाही, तर ते अक्षर पुसून जाते, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून मोठ्या गावी ग्रंथालय आणि जेथे ते नाही तेथे पुस्तकांनी भरलेल्या फिरत्या पेट्या, असा तो बंदोबस्त होता. कवळाणे गावच्या शेतकरी घरातून बाराव्या वर्षी दत्तक येऊन, गादीवर बसल्यावर धुळाक्षरांपासून शिकलेल्या राजाला हे सुचावे, याचे मला नेहमीच फार अप्रूप वाटत आले आहे, आणि हे मी चालता चालता बोललोही.

तेथील पुस्तकांची मांडणी लोखंडी घोड्यांवर, एकावर एक अशा मजल्यांत केलेली आहे, आणि मधल्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, ती अशासाठी की वरचा उजेड गाळून खाली यावा आणि पुस्तकांजवळ दिवा न्यावा लागू नये. आम्ही खालच्या मजल्यावर उभे होतो. वरून कोणी तरी चालत गेले आणि त्याच्या पावलांच्या दोन धूसर सावल्या आमच्या डोक्यावरून एकामागून एक सरकल्या. माझा स्नेही मान वर करून त्या सावल्यांकडे पाहत राहिला.

"मी इथे आलो त्या हिवाळ्यात," तो म्हणाला, "रावपुऱ्यात एक खोली घेतली होती. ओळखीचे कोणी नव्हते. गुजराती समजत होते, पण बोलावयास जीभ वळत नव्हती. कारखान्यातून सुटलो की रोज इथे येत असे. इथला मराठी विभाग मोठा आहे, म्हणून येतो असे मी स्वतःला सांगत असे. पण खरे सांगावयाचे तर वाचावयास म्हणून येत नसे. वरून माणसे चालत आहेत एवढे दिसले तरी पुरे वाटे." मग थोडे थांबून, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "त्या वर्षी तुझी आठ महिने चिठ्ठी नव्हती."

खरे होते ते. माझ्या नव्या नोकरीचे आणि नव्या संसाराचे ते वर्ष होते. मी लिहिले नाही, याची बोच मला वर्षभर होती. पुढे पत्रे पुन्हा सुरू झाली आणि त्या मौनाविषयी आमच्यापैकी कोणीच कधी शब्द काढला नाही. तेहतीस वर्षांत जी गोष्ट पत्रात आली नाही, दूरध्वनीवर आली नाही, लग्नाच्या पंगतीत आली नाही, ती त्या काचेखाली आली. मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "आता कशाला?" आणि घोड्यावरचे पुस्तक नीट सरळ करून ठेवले.

परतताना मी म्हणालो, "पाहा, यादीतील एका स्थळी गेलो म्हणून हे कळले. घरी बसलो असतो, तर तू बोलला असतास का?"

"कदाचित नसतो बोललो," त्याने कबूल केले. "पण म्हणून राजवाड्यात मला आठवण्याजोगे काही सापडेल, अशी आशा धरू नकोस."

राजवाडा आम्ही शनिवारी सकाळी पाहिला. १८९० साली पुरा झालेल्या त्या प्रचंड वास्तूविषयी, तेथील रविवर्म्याच्या चित्रांविषयी लोकांनी पुष्कळ लिहिले आहे. मी त्यात भर घालीत नाही. तांबेकर वाड्याच्या भिंतींवरची चित्रे मात्र मन गुंतवून ठेवतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिवाणगिरी केलेल्या एका मराठी कारभाऱ्याच्या घरात गोकुळातील कृष्ण आणि कंपनीच्या फौजेशी झुंजणारे मराठे एकाच रंगात, एकाच हातच्या ओढीने उतरलेले पाहिले, म्हणजे ज्या माणसांच्या दृष्टीने पुराण आणि कालची लढाई यांत फारसे अंतर नव्हते, त्यांच्या डोळ्यांनी आपण क्षणभर पाहतो.

त्या दुपारी माझ्या यादीला खरे उत्तर मिळाले, आणि ते त्याच्या घरातच मिळाले. समा भागात त्याचे तळमजल्याचे घर आहे. जेवण झाल्यावर एक जुने पुस्तक काढावे म्हणून मी कपाट जरा पुढे ओढले, तो त्याच्या मागच्या भिंतीवर, माझ्या कमरेच्या थोडी वर, एक आडवी तपकिरी रेघ दिसली. बाकीच्या भिंतींना नवा रंग दिलेला होता. कपाटामागे कुंचला पोहोचला नव्हता. रेघेखालचा गिलावा पोपडे धरून फुगला होता आणि बोट लावले की त्याची बारीक माती गळत होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला आलेल्या पुराची ती खूण होती. पावसाने आणि आजव्याच्या तलावातून सोडलेल्या पाण्याने नदी शहरात शिरली, तेव्हा तिच्यातील मगरीसुद्धा वस्तीत आल्या होत्या, हे मी वर्तमानपत्रांत वाचले होते. मी लगेच दूरध्वनी केला होता, आणि तो म्हणाला होता, "आम्ही सारे ठीक आहोत." त्यावर माझी निश्चिंती झाली होती. तीन दिवस तो आणि वहिनी वरच्या शेजाऱ्यांकडे राहिले, वीज नव्हती, पाणी उतरल्यावर वीतभर गाळ खरवडून काढावा लागला आणि खालच्या दोन फळ्यांवरची सर्व पुस्तके गेली, हे मला दीड वर्षानंतर एका भिंतीने सांगितले.

"तू मला का सांगितले नाहीस?" मी विचारले.

"सांगून काय झाले असते? तू धावत आला असतास, आणि तुला निजवावयास आमच्याकडे कोरडी जमीन नव्हती." मग तो शांतपणे म्हणाला, "हेच मी काल सकाळपासून म्हणतो आहे. ही रेघ तुझ्या कागदावर नव्हती. ती कोणत्याही मार्गदर्शिकेत असणार नाही. ती कपाटामागे असते, आणि कपाट ओढावयास माणूस घरात रिकामा बसावा लागतो."

मला ते पटले. तरी मी म्हणालो, आणि आजही माझे तेच मत आहे, की ती रेघ जितकी त्याच्या घरची, तितकीच शहराचीही होती. जी नदी कामाठीबागेतून वाहते, जिच्या पुलावर थांबून प्रवासी मगर दिसते का पाहतात, तीच नदी त्याच्या पुस्तकांवर येऊन गेली होती. मित्र आणि त्याचे गाव ही दोन वेगळी प्रकरणे आहेत असे त्याने कितीही म्हटले, तरी पाण्याने तो भेद मानला नव्हता.

रविवारी सकाळी कीर्तिमंदिर ठरले होते. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तेथील चार भिंतींवर गंगावतरण, मीरेचे चरित्र, नटीर पूजा आणि महाभारतातील युद्ध ही चित्रे काढली. ती पाहण्याची आस मला फार वर्षांपासून आहे. पण वहिनींनी उंधियूचा घाट घातला होता, आणि परातभर सुरती पापडी, कोवळी वांगी, कोनफळ आणि रताळी आमच्या पुढ्यात झोपाळ्यावर आणून ठेवली. वहिनी बडोद्याच्याच, त्यांचे पूर्वज चार पिढ्यांपूर्वी सरकारी खात्यात फडणिशीवर येथे आले. त्यांच्या मराठीत गुजराती शब्द असे सहज मिसळतात की त्या भाषेला बडोदेकरी हे वेगळे नाव द्यावे. आम्ही पापडीच्या शिरा काढीत पुन्हा तोच वाद घालू लागलो, तेव्हा त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता गाव पाहावे, हे म्हणतात घरी बसावे. दोघांचेही सोपे आहे. पाहुणा आला की घरात काय काय होते, ते मला विचारा. तुम्ही येणार म्हणून आठ दिवस आधी मी यांच्याकडून गच्चीवरची टाकी धुऊन घेतली. पुरानंतर वर्षभर पडून राहिलेला झोपाळा यांनी तुमच्यासाठी कड्या बदलून टांगला. तुम्ही मंगळवारी न सांगता आला असता, तर तो झोपाळा अजून माळ्यावरच असता. येणारे कोणी असले म्हणजे घर पुन्हा उभे राहते. मला तुमच्या जोडसुट्ट्या हव्यात, चांगल्या महिनाभर आधी कळवून."

मी हातातली शेंग तशीच धरून झोपाळ्याच्या कड्यांकडे पाहिले. त्या नव्या होत्या. पितळेचा पिवळा रंग अजून मळला नव्हता. दोन दिवस मी त्यांवर झुलत होतो आणि त्या मला दिसल्या नव्हत्या. माझ्या स्नेह्याने खाली पाहून पापडी सोलणे चालू ठेवले. या गोष्टीचा उच्चार त्याने स्वतः कधीच केला नसता. उंधियू मंद आचेवर शिजेपर्यंत दीड वाजला, जेवताना तीन वाजले, आणि कीर्तिमंदिर राहून गेले.

संध्याकाळी मात्र तो आपण होऊन म्हणाला, "चल, कामाठीबागेत जाऊ. एक जागा तुला दाखवावयाची आहे." १८७९ साली उभारलेल्या त्या विस्तीर्ण उद्यानात मुलांची गर्दी होती, फुग्यांचे आणि भाजलेल्या शेंगांचे विक्रेते होते. तो मला त्या सर्वांतून काढून संकल्पभूमीकडे घेऊन गेला. येथे, २३ सप्टेंबर १९१७ रोजी, भीमराव आंबेडकर झाडाखाली बसले होते. सयाजीराव महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत उच्च विद्या घेऊन, करारानुसार ते संस्थानच्या नोकरीत रुजू व्हावयास आले. पण त्यांना राहावयास खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या मंडळींनी त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्यांनी या बागेत काढले. या साऱ्याची हकीकत बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

"तू परवा ग्रंथालयात महाराजांविषयी बोललास, ते सर्व खरे आहे," माझा स्नेही म्हणाला. "पण ज्या राज्याने गावोगाव पुस्तकांच्या पेट्या धाडल्या, त्या राज्याच्या राजधानीत हिंदुस्थानातील एका अतिशय विद्वान माणसाला रात्रीपुरते छप्पर मिळाले नाही. आणि त्या हकिकतीत मला सर्वांत बोचते ते काठ्यांचे नव्हे. या गावात त्यांचे दोन मित्र होते. दोघांकडेही त्यांनी आसरा मागितला, आणि दोघांनीही घरच्या अडचणी सांगितल्या. दार मित्राचे होते, म्हणून त्या नकाराला धार जास्त. गावात एक उघडे दार असते, तर त्या दिवशी ते बडोदे वेगळे झाले असते. मी म्हणून म्हणतो की गाव म्हणजे राजवाडे आणि ग्रंथालये नव्हेत. जे दार आपल्यासाठी उघडते तेच आपले गाव."

बराच वेळ मी काही बोलू शकलो नाही. झाडाच्या शेंड्याला एक निळा पतंग अडकला होता; मांजा तुटून खाली लोंबत होता आणि दोन मुले उड्या मारून तो पकडू पाहत होती.

"तुझे म्हणणे मी नाकारीत नाही," शेवटी मी म्हणालो. "पण ज्या जागेने तुझ्या मनात हे आले, ती जागा पाहावयास तू मला येथे आणलेस, घरी बसून सांगितले नाहीस. हे येथेच सांगावयास हवे, असे तुलाही वाटले ना?"

"वाटले," तो म्हणाला. "येथे उभे राहून ते बोलता येते. घरी बोललो असतो, तर ते व्याख्यान झाले असते."

सोमवारी सकाळी त्यांच्या वसाहतीत ध्वजवंदन झाले, मुलांना पेढे वाटले गेले, आणि दुपारच्या गाडीने मी निघालो. निघताना त्याने कपाटातून कापडात गुंडाळलेले एक पुस्तक काढून माझ्या हाती दिले. शब्दकोशाचा खंड होता तो; वसतिगृहात असताना दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून घेतलेला, आणि आतल्या कोऱ्या पानावर दोघांचीही नावे होती. पुरात तो दोन दिवस पाण्याखाली होता. वहिनींनी पानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून पंख्याखाली सुकवला होता, तरी तो फुगून दुप्पट झाला होता आणि पुठ्ठा सुटून आला होता. माझे नाव वरच्या बाजूस होते म्हणून वाचता येत होते. त्याच्या नावाची शाई पसरून तेथे एक फिकट निळा डाग तेवढा उरला होता.

"पुण्यात बांधणावळ चांगली होते," एवढेच तो म्हणाला.

तो खंड मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या बांधणाऱ्याकडे दिला. त्याने पाने उलटून पाहिली, कोरे पान बदलू का म्हणून विचारले, आणि मी नको म्हटल्यावर जास्त चौकशी केली नाही. पुस्तक आता तयार आहे. टपालाने ते मी पाठवणार नाही. सोमवारच्या रात्रीचे तिकीट काढले आहे, कार्यालयात मंगळवारची रजा मागितली आहे, आणि मंगळवारी कीर्तिमंदिर किती वाजता उघडते हे वहिनींना पत्राने विचारले आहे, महिनाभर आधी.